लागण जोमात, खोडवा कोमात: ‘जात बिघडली’ म्हणण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. बऱ्याच जणांना इथेच आपलं रान ओळखू येईल.

लागणीचा, म्हणजे नव्यानं लावलेला ऊस ठीकठाक येतो. तोडणी होते, पाचट आवरलं जातं, पाणी दिलं जातं, आणि मग बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, म्हणजे खोडवा, फुटायलाच तयार नसतो. फुटवे उशिरा येतात, विरळ येतात. पहिल्या खोडव्यात कांड्या आखूड आणि ऊस बारीक, दुसऱ्या खोडव्यात तर एकेक बेट नुसतं रुसून बसल्यासारखं. पानं मात्र हिरवी. डाग नाही, पट्टा नाही, वास नाही, कीडही नाही. बांधावर उभं राहून शेंड्यांची रेघ पाहिली तर ती लाटेसारखी वरखाली जाते: एक बेट छातीपर्यंत, शेजारचं डोक्याच्या वर. पाण्याचा ताण बसला की हा फरक वाढतो. पाऊसपाणी चांगलं झालं की झाकला जातो, आणि माणूस ‘सुधारला’ म्हणून गप्प बसतो.

यावर ठरलेलं निदान एकच: जात बिघडली. मग जात बदलायची. नवी जात तीन-चार वर्षं छान चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी बेणे मळ्यांच्या, म्हणजे लावायचा ऊस वाढवणाऱ्या मळ्यांच्या कामात हे चक्र इतक्या वेळा पाहिलंय की कुणी ‘जात बिघडली’ म्हटलं की मी आधी कोयता कुठला वापरता ते विचारतो.

जात अशी आपोआप बिघडत नाही. ऊस आपण टिपरीपासून, म्हणजे उसाच्याच डोळेवाल्या तुकड्यापासून लावतो, म्हणजे आईचंच शरीर पुढे जातं, आणि तिच्या अंगातलं दुखणंही. बहुतेक वेळा ते दुखणं म्हणजे खोडवा खुजेपणा. ऊसवाले त्याला आरएसडी (रटून स्टंटिंग डिसीज) म्हणतात. लीफसोनिया झायली नावाचा एक बारीक जिवाणू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो आणि तिथेच वाढतो. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या हंगामात, क्यू २८ या जातीत. खोडवे एकाएकी खुजे का पडतायत हे कुणाला उमगेना. पुढे जवळजवळ तीस वर्षं तो विषाणूचा रोग समजला गेला. १९७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसला, १९८० मध्ये तो उसाबाहेर वाढवता आला. इतक्या शास्त्रज्ञांना इतकी वर्षं गुंगारा देणारा रोग बांधावरून ओळखू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला स्वतःचं असं बाहेरचं एकही लक्षण नाही. खुजेपणा आहे, पण खुजेपणाची कारणं पन्नास.

तपासणीआधी जातींची तऱ्हा समजून घ्या

हा भाग गाळून पुढे गेलात तर पुढच्या निम्म्या तपासण्या चुकीच्या वाचाल.

एकच जिवाणू, पण दोन जातींत त्याचा परिणाम अगदी वेगळा. काही जाती खरोखर प्रतिकारक असतात. जिवाणू आत शिरला तरी तो मोजक्याच नळ्यांत अडकून राहतो, फार पसरत नाही. काही जाती नाजूक असतात. त्यांच्या नळ्या भरून जातात आणि खोडव्याचं उत्पादन पहिल्या फेरीतच घसरतं. आणि तिसरा प्रकार आहे सोशिक जातींचा. त्यांच्या अंगात जिवाणू भरपूर, पण उसावर त्याची खूण फारशी दिसत नाही. बोलताना आपण प्रतिकारक आणि सोशिक दोन्हींना ‘रोगाला दाद न देणारी जात’ म्हणून मोकळे होतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. प्रतिकारक जात रोग थांबवते. सोशिक जात तो सांभाळते, वाढवते आणि कोयत्यावरून शेजारच्या नाजूक जातीला पोचवते.

मला हे एका मळ्यावर नीट समजलं. दोन जाती शेजारी शेजारी होत्या. एकीचा खोडवा दृष्ट लागावी असा, दुसरीचा गुडघ्यात मोडलेला. सगळ्यांचा राग दुसरीवर. दोन्हींचे नमुने तपासले तर जिवाणू दोन्हींत सापडला, आणि तोडणीचा क्रम दरवर्षी ठरलेला होता: आधी ती देखणी जात, मग तोच कोयता घेऊन शेजारची. खुजा पडलेला ऊस फक्त बोलत होता, दुखणं दुसरीकडून येत होतं.

जातीजातींत हा फरक का पडतो याचं एक कारण उसाच्या रचनेत आहे. उसाच्या गाठीत काही मोठ्या नळ्या न तुटता सरळ आरपार जातात, बाकीच्या गाठीतच संपून दुसऱ्यांना जोडल्या जातात. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रतिकारक जातींमध्ये अशा आरपार जाणाऱ्या मोठ्या नळ्या कमी असतात. म्हणजे जिवाणूला प्रत्येक गाठीवर अडथळा. नाजूक जातीत त्याला बुडख्यापासून वरपर्यंत सरळ रस्ताच मिळतो. पाण्याच्या ताणात नुकसान का वाढतं तेही यातूनच कळतं: नळ्या आधीच चोंदलेल्या, त्यात जमिनीत ओल कमी.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की फुकटातलं आधी, पैशाचं आणि वेळेचं नंतर. मधली पायरी गाळू नका. मी गाळली आहे आणि पस्तावलो आहे.

१. बेण्याची वंशावळ लिहून काढा

कागद घ्या आणि लिहा: हे बेणं कुठल्या प्लॉटमधून आलं, त्या प्लॉटला कुठून आलं, आणि उष्ण प्रक्रिया केलेलं (गरम पाण्यातून काढलेलं) किंवा तपासलेलं बेणं शेवटचं कधी आणलं. ‘आपलंच घरचं’ एवढंच उत्तर येत असेल आणि ते दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात असेल, तर संशय पक्का धरा. खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उलगडा याच कागदातून होतो.

खोडव्याचंच बेणं परत लागणीला वापरलं का, हेही लिहा. प्रत्येक तोडणीला कोयता लागतो, त्यामुळे जितके खोडवे जास्त तितकी रोग लागलेली बेटं जास्त. तिसऱ्या खोडव्यातलं बेणं म्हणजे रोगाला साठवलेलं व्याज.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो. ‘आम्ही टिपरी नाही लावली, रोपं लावली’ याला काही अर्थ नाही. एक डोळ्याची रोपं रोग लागलेल्या उसापासून केली असतील तर प्रत्येक ट्रेमध्ये रोग आहे. उलट डोळे काढणारं पातं एका दिवसात शेकडो कांड्यांतून फिरतं आणि मधे कुणी ते धूत नाही. ऊतीसंवर्धित रोपांची गोष्ट वेगळी. शेंड्याच्या अगदी टोकाच्या पेशींपासून केलेली रोपं बहुधा निरोगी असतात. ‘बहुधा’ म्हणतोय, म्हणजे मातृरोपं तपासली होती का हे विचारायचंच.

२. रानात फिरा, पण ओळीच्या दिशेनं

सकाळी सरीच्या रेषेत चाला. खुजी बेटं कशी पसरलीत ते बघा. सलग गोल पट्टा असेल, उतारावर किंवा पाणी साचतं तिथेच असेल, तर ते जमिनीचं किंवा पाण्याचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. आरएसडी जमिनीचे चढउतार पाहून पसरत नाही. तो कोयत्याबरोबर ओळीतून पुढे सरकतो, किंवा लागलेली टिपरी जिथे पडली तिथे उगवतो. म्हणून खुजं बेट, चांगलं बेट, परत खुजं अशी मिसळण दिसते, किंवा ओळीत एका जागेपासून पुढे सलग खुजी बेटं.

याच फेरीत शेजारच्या जातींशी तुलना करा. एकाच वयाच्या, एकाच पाण्यावरच्या दोन जातींपैकी एकच खुजी असेल तर पाणी-खताचा दोष काहीसा मागे पडतो. दोन्ही सारख्याच खुज्या असतील तर उलट: आधी जमीन बघा, रोग नंतर. पण पुन्हा तेच सांगतो, जी चांगली दिसतेय ती निरोगी आहे असं या फेरीतून ठरत नाही.

३. साधी कारणं बाजूला काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच लोक ती टाळतात. खोडव्याला नत्र लागणीपेक्षा जास्त लागतं. जुनी मुळं मरत असतात, नवी यायची असतात, आणि पाचट कुजताना जमिनीतलं नत्र काही काळ अडकून पडतं. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटले नसतील तर वरच्या डोळ्यांतून कमकुवत फुटवे येतात. वाहनांनी सऱ्या दाबल्या असतील तर मुळं पुढे जात नाहीत. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. आरएसडीत असा पिवळेपणा हे लक्षण नाही, त्यामुळे पानं पिवळी असतील तर किमान आणखी एक दुखणं आहेच असं समजा.

मग एक खुजं आणि एक चांगलं बेट मुळासकट उपटून शेजारी ठेवा. मुळं कुरतडलेली दिसली तर हुमणी शोधा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमींकडे बघा. एक फावडं आणि अर्धा तास, एवढंच लागतं. मी एकदा हे न करता दोन महिने रोगाच्या मागे फिरलो आणि शेवटी पिशवीभर हुमण्या निघाल्या.

४. पानं आणि शेंडा नीट बघा

यात आरएसडी सापडणार नाही. इथे बाकीचे रोग बाजूला काढायचे आहेत, आणि त्यातला एक असा आहे की तो दिसला तर पुढच्या पायऱ्या घरी करायच्या नाहीत.

बारीक, गवतासारखे पांढुरके फुटवे भरमसाट आले असतील तर ती गवताळ वाढ. तिचं कारण फायटोप्लाझ्मा हा जिवाणूसारखा बारीक जीव, उपाय वेगळा. पानावर लांबट लाल रेघा आणि शेंडा कुजून घाण वास येत असेल तर लाल पट्ट्यांचा जिवाणूजन्य रोग. तो बहुधा कोवळ्या उसात, दमट हवेत येतो आणि काही जातींवर अगदी ठळक दिसतो, तर बाजूच्या जातीवर नावालाही नसतो. ऊस उभा चिरल्यावर लाल गरात आडवे पांढरे पट्टे आणि आंबल्यासारखा वास आला तर लाल कुज, ती बुरशी.

आणि आता तो खास रोग, पान करपा. कारण झँथोमोनास अल्बिलिनिअन्स हा जिवाणू. पानाच्या शिरेला धरून पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक पांढरी रेघ, खाली देठाच्या पट्टीपर्यंत गेलेली. मोठ्या उसात बुडाकडचे डोळे अवेळी फुटतात. कधी कधी एखादं बेट कसलंही लक्षण न दाखवता एकाएकी वाळून जातं. या जिवाणूचं विष हरितद्रव्य तयारच होऊ देत नाही, म्हणून रेघ पांढरी. जातींचा फरक इथे आरएसडीपेक्षाही फसवा आहे. सोशिक जातीत हा रोग महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं दडून बसतो, आणि एखादा ताण आला की डोकं वर काढतो. अशी रेघ दिसली तर इथेच थांबा. त्या प्लॉटमधून टिपरी हलवू नका आणि खाली ‘कधी थांबायचं’ मध्ये लिहिलंय ते करा.

५. चाकू तपासणी

तयार झालेला ऊस हवा, कोवळा चालणार नाही. बुडाकडच्या गाठी घ्या आणि धारदार स्वच्छ चाकूनं पातळ उभा काप घ्या. गाठीत, मेणाच्या पट्ट्याच्या आसपास, नारिंगी-लाल रंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या बारीक खुणा दिसतात का बघा. त्या गाठीपुरत्याच असतात. रंग कांडीत लांबवर उतरला असेल तर तो आरएसडी नव्हे, दुसरं काहीतरी आहे, बहुधा खोडकिडीचं बीळ किंवा बुरशी. काप घेतल्या घेतल्या बघायचं. हवा लागली की सगळाच काप लालसर होतो आणि मग डोळे काहीही बघतात.

एक-दोन महिन्यांच्या कोंबात वाढबिंदूच्या खाली गुलाबी झाक दिसते असंही सांगतात, आणि काही जातींत ती दिसतेही. पण काही जातींचा गाभा मुळातच गुलाबी असतो. त्याच जातीचा खात्रीचा निरोगी कोंब शेजारी चिरून ठेवल्याशिवाय या खुणेवर मी विश्वास ठेवत नाही.

आता याचा अर्थ कसा लावायचा? ठिपके स्पष्ट दिसले, अनेक उसांत दिसले, वंशावळही संशयाची आहे: मग रोग आहे असं धरून चाला. ठिपके दिसले नाहीत, तर त्यावरून काहीही ठरत नाही. काही जाती भरपूर जिवाणू बाळगूनही ठिपके दाखवत नाहीत. ‘चिरून बघितलं, स्वच्छ आहे’ एवढ्यावर बेणं विकणारे भेटतात. त्यांना हे ऐकवलं की राग येतो.

६. कोयता आणि यंत्र

ही तपासणी आहे आणि उपायही, म्हणून इथे जरा थांबतो. या जिवाणूला वाहून नेणारी कीड माहीत नाही. वारा-पावसानंही तो पसरत नाही. २००४ मध्ये ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी त्याची जनुकसंपदा वाचली, तेव्हा त्यातली शेकडो जनुकं निकामी झालेली आढळली. उसाच्या आत राहून राहून बाहेर जगायची सवयच गेलेली. म्हणजे त्याला एका उसातून दुसऱ्यात जायला आपण लागतो: बेणं, कोयता, तोडणी यंत्र, टिपऱ्या पाडायचं यंत्र, डोळे काढायचं पातं. एका लागलेल्या बेटाला लागलेलं पातं पुढची अनेक बेटं नासवतं.

तर विचारा: बेणं तोडायचे कोयते त्याआधी कुठल्या रानात होते? मधे धुतले होते का? उत्तर ‘नाही’ असेल, आणि ते नेहमी ‘नाही’च असतं, तर आजपासून दोन कोयत्यांची पद्धत सुरू करा. एक हातात, एक बादलीत. बादलीत ०.१ टक्के बेंझाल्कोनियम क्लोराइडचं पाणी. बुडवण्याआधी पात्यावरचा चिकट रस आणि माती पुसून धुवायची, कारण रसाच्या थराखाली औषध पोचतच नाही. किमान पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि पाणी गढूळ झालं की बदलायचं. ७० टक्के अल्कोहोलही चालतं, पण ते उडून जातं आणि पेटतं, विडीवाल्यांपासून लांब ठेवा. ब्लीचनं काम होतं, पण पातं गंजतं. बेणे मळ्यात मी प्रत्येक ओळीला कोयता बदलायला लावतो. साध्या तोडणीत हे जमत नाही, तिथे निदान रान बदलताना, आणि तोडणी नेहमी निरोगी, नव्या बेण्याच्या रानापासून सुरू करून संशयित रान शेवटी.

जातींचा क्रमही याच हिशोबात धरा. सोशिक जात शेवटी तोडायची, ती कितीही चांगली दिसत असली तरी.

७. प्रयोगशाळा

इथून पैसे लागतात. नमुना चुकला तर ते वाया जातात, म्हणून नमुन्याबद्दल बारकाईनं सांगतो. ऊस किमान सात-आठ महिन्यांचा हवा. कांडी सगळ्यात खालची, कारण जिवाणूची दाटी बुडात सर्वांत जास्त असते. वीसेक ऊस रानभर फिरून घ्यायचे, फक्त खुजे निवडायचे नाहीत. प्रत्येक उसानंतर पातं पुसायचं, नाहीतर आपणच वीसच्या वीस नमुने एकमेकांना लावून ठेवतो. प्रत्येक जातीचे नमुने वेगळे आणि नाव लिहून.

तपासण्या मुख्यतः तीन. पहिली म्हणजे कांडीतला रस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. स्वस्त आणि झटपट, पण मिलिलिटरमागे साधारण दहा लाख जिवाणू असल्याशिवाय नजरेला पडत नाहीत. दुसरी ठसा चाचणी: कांडीचा काप खास कागदावर दाबायचा आणि रंग द्यायचा. लागलेल्या नळ्यांचे ठिपके उमटतात आणि मोजता येतात. जातींचा प्रतिकार ठरवायलाही हीच पद्धत वापरतात. एकूण नळ्यांपैकी किती भरल्या हे मोजलं की कुठली जात खरोखर अडवते आणि कुठली नुसती सोसते हे वेगळं पडतं. तिसरी पीसीआर, म्हणजे जिवाणूच्या जनुकांवरून त्याचा माग काढणारी, सगळ्यात तीक्ष्ण. थोडे जिवाणूही पकडते.

प्रतिकारक जातीत जिवाणूच कमी, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा अहवाल ‘नाही’ येऊ शकतो. अशा जातीचं बेणं खात्रीचं हवं असेल तर पीसीआरच करा. नाजूक आणि सोशिक जातींत मुरलेला रोग सहसा पहिल्या दोन चाचण्यांतही सापडतो.

८. उष्णजल प्रक्रिया

रोग ठरला, आता बेणं स्वच्छ करायचं. ५० अंश सेल्सिअस पाण्यात दोन तास. वाक्य सोपं आहे, काम सोपं नाही. ४८ अंशाला जिवाणू जगतो, ५२ ला डोळे मरायला लागतात. म्हणजे सगळा खेळ दोन अंश इकडे-तिकडेचा, तोही टाकीच्या मधोमध, टिपऱ्यांच्या गठ्ठ्याच्या आत. टिपऱ्या टाकल्या की पाणी थंड होतं, परत ५० ला आल्यावरच घड्याळ लावायचं. पाणी सतत फिरतं हवं. चुलीवरच्या पिंपात हात घालून ‘लागतंय तेवढं’ म्हणणारे मी पाहिलेत. अर्ध्या टिपऱ्या शिजतात, अर्ध्यांत रोग तसाच राहतो आणि वर ‘प्रक्रिया केलेलं बेणं’ म्हणून विश्वास बसतो. त्यापेक्षा न केलेलं बरं.

इथेही जातींचं वेगळेपण आहे, पण ते रोगाचं नाही, उष्णतेचं. एखादी जात रोगाला दमदार असूनही गरम पाण्याला नाजूक असू शकते. म्हणून नव्या जातीच्या पन्नास टिपऱ्या आधी प्रक्रिया करून लावून बघा, पन्नास न केलेल्या शेजारी. उगवण किती घटते ते कळलं की बेणं तेवढं जास्त धरता येतं. शेंड्याकडच्या कोवळ्या टिपऱ्या घेऊ नका, त्यांचे डोळे आधी जातात. प्रक्रियेनंतर टिपऱ्या बुरशीनाशकात बुडवा, कारण उष्णतेनं दमलेल्या टिपरीवर बुरशी लगेच बसते.

एका प्रक्रियेत रोग शंभर टक्के जात नाही. थोडा उरतो. म्हणून प्रक्रिया केलेलं बेणं सगळ्या रानात लावायचं नाही. छोट्या बेणे मळ्यात लावायचं, तिथं धुतलेल्याच कोयत्यानं तोडायचं, तपासायचं, मग वाढवायचं. आणि ज्या रानात ते जाणार आहे तिथली जुनी बेटं पूर्ण उपटून, आपोआप उगवलेले कोंब मरेपर्यंत रान मोकळं ठेवायचं. नव्या ओळीत उगवलेलं जुनं एक बेट कोयत्याच्या वाटेवर असलं की सगळी मेहनत पाण्यात.

कधी थांबायचं आणि तज्ज्ञाला बोलवायचं

पानावर ती पांढरी पेन्सिल-रेघ दिसली तर लगेच. पान करप्यासाठी साधं दोन तासांचं गरम पाणी पुरत नाही. आधी वाहत्या साध्या पाण्यात ४० ते ४८ तास भिजवून मग ५० अंशाला तीन तास, अशी लांब प्रक्रिया लागते. शिवाय रोग दडलेला असतो, तेव्हा डोळ्यांनी निवड करून उपयोग नाही. वनस्पती रोगतज्ज्ञाला बोलवा, तोपर्यंत त्या रानातून काहीही बाहेर नेऊ नका.

तापमान अर्ध्या अंशापर्यंत धरणारी टाकी नसेल तर प्रक्रिया स्वतः करू नका. संशोधन केंद्रात किंवा अधिकृत बेणे केंद्रात करून घ्या, किंवा तिथूनच तपासलेलं बेणं आणा.

बेणं किंवा रोपं दुसऱ्याला देणार असाल तर चाकू तपासणीवर भागवू नका. आपल्या रानातली चूक आपण भोगतो, दिलेल्या बेण्यातली चूक दहाजण भोगतात. आणि पहिल्या चार पायऱ्यांत काहीच सापडलं नाही, पण खोडवा दुसऱ्यांदा कोसळला, तरीही अंदाजानं फवारण्या सुरू करू नका. उभ्या उसातला आरएसडी कुठल्याही फवारणीनं जात नाही. प्रतिजैविकांची पाकिटं घेऊन येणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मग जातच बदलून टाकू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कधी कधी हो. उसाच्या इतिहासात एक जिवाणूजन्य रोग जवळजवळ जातींच्या जोरावरच हटवला गेला. गमिंग नावाचा डिंक्या रोग, ज्यात चिरलेल्या उसातून पिवळा चिकट द्रव पाझरतो. एकोणिसाव्या शतकात त्यानं मोठं नुकसान केलं आणि प्रतिकारक जाती आल्यावर तो मागे हटला. आरएसडीत तसं झालं नाही. जाती निवडताना गोडी, वजन, लाल कुज, काणी हे आधी बघितलं जातं. बाहेरून न दिसणाऱ्या रोगाचा नंबर शेवटी लागतो. त्यामुळे लागवडीतल्या बऱ्याच जाती त्याला कमी-अधिक बळी पडतात.

म्हणून जात निवडताना तिसऱ्या खोडव्याचे आकडे मागा, लागणीचे नव्हे. आणि आकडे मिळाले तरी विचारा की ते कुठल्या बेण्यावरचे आहेत. स्वच्छ बेण्यावर सगळ्याच जाती गुणी असतात.

बदल कधी दिसेल तेही सांगून ठेवतो, नाहीतर धीर सुटतो. स्वच्छ बेण्याच्या लागणीत पहिल्या वर्षी शेजारच्याला दाखवण्यासारखा फरक पडेलच असं नाही. माझ्या रानातही नव्हता पडला. दुसऱ्या खोडव्यात, पाण्याचा पहिला ताण बसल्यावर, बांधावर जाऊन शेंड्यांची रेघ बघा.